काळी शाई सुटली, मग पालक का हलेना?

प्रश्न नाशिकमधल्याच एका वडिलांचा आहे. मुलगी नववीत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कागदी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे कागदावर द्रव चढवून मिश्रणातले रंग वेगळे करण्याचा प्रयोग, करते आहे. काळ्या स्केचपेनचा ठिपका दिलेली पट्टी पाण्यात उभी केली तर निळा, गुलाबी, पिवळा असे रंग छान सुटले. हुरूप येऊन तिने बॉलपेन, पालकाचा रस आणि काळ्या द्राक्षांची साल असे आणखी तीन प्रयोग केले आणि तिन्ही फसले. बॉलपेनचा ठिपका जागचा हलला नाही, पालकाचा हिरवा डाग लावला तिथेच वाळला, द्राक्षाचा नुसता मळकट ओघळ आला. आरएफ (रंग किती चढला भागिले द्रव किती चढला) काढावा तर दर वेळी वेगळा. सर म्हणाले, व्हॉटमन कागद (प्रयोगशाळेतला गाळणकागद) आणा. कागद बदलला की जमेल का? आणि जाता जाता, जिलबीचा रंग तपासून भेसळ दाखवता येईल का?

सरांचा सल्ला चुकीचा नाही, पण द्राक्ष सोडलं तर दुखणं कागदात नाही. तुमच्या लेकीने पदार्थ चार घेतले आणि चौघांना द्रव एकच दिला, नळाचं पाणी. पाण्यात विरघळणारी स्केचपेनची शाई हलली, बॉलपेन आणि पालक अडले. द्राक्षाची तऱ्हा वेगळी, ती पुढे सांगते. महागडा कागद आणलात तर अधिक स्वच्छ कागदावर न हललेला पालक दिसेल, इतकंच. तेव्हा "रंग का सुटत नाहीत" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रत्येक पदार्थाला वेगळं विचारा: तुला कोणता द्रव उचलेल?

मी अंबड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते, आता निवृत्त आहे. कारखान्यात हल्ली कागदावर सहसा कोणी काम करत नाही. पावडरचा पातळ थर दिलेल्या प्लेटा असतात, एचपीएलसीची, म्हणजे दाबाने द्रव ढकलून मिश्रण वेगळं करणारी, यंत्रं असतात. डोकं मात्र तेच लागतं. शिवाय आमच्या सोसायटीतली पोरं प्रदर्शनाच्या आदल्या रात्री माझ्याच दारात उभी राहतात, त्यामुळे कागदाशी संबंध सुटलेला नाही.

आधी कागदात काय चालतं ते पाहू, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. हाताला कोरडा लागणारा कागद खरं तर कोरडा नसतो. कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची भारी ओढ. हवेतली ओल ओढून ते धाग्यांमध्ये धरून ठेवतं. हे धरलेलं पाणी जागचं हलत नाही, पुस्तकात त्याला स्थिर प्रावस्था म्हणतात. तिच्या अंगावरून केशाकर्षणाने वर चढणारा द्रव ही चल प्रावस्था. रंगाचा कण या दोघांत सतत ये-जा करत असतो.

मी मुलांना सिटीलिंकच्या, म्हणजे नाशिकच्या शहर बसच्या, उदाहरणाने सांगते. निमाणीहून नाशिकरोडकडे बसमागून बस सुटते आहे असं समजा. एक प्रवासी बसला की शेवटपर्यंत उतरत नाही. दुसरा दर थांब्यावर उतरतो, चहा पितो, मागच्या बसने पुढे जातो. दोघांच्या बसचा वेग एकच, पण तासाभराने पहिला नाशिकरोडला पोचलेला असतो आणि दुसरा वाटेतल्या द्वारका थांब्यावरच रेंगाळतो. बस म्हणजे चढणारा द्रव, थांबा म्हणजे कागद. रंगाचा आरएफ ०.३ आला याचा सरळ अर्थ असा, की त्या रंगाने आपल्या वेळेपैकी तीस टक्के वेळ बसमध्ये काढला आणि सत्तर टक्के थांब्यावर. जो कधी बसमध्ये चढलाच नाही त्याचा आरएफ शून्य. जो कधी उतरलाच नाही त्याचा एक. दोन्ही टोकं आपल्या कामाची नाहीत. रंग वेगळे व्हायचे तर त्यांनी चढ-उतार करायला हवी, आणि प्रत्येकाने आपापल्या प्रमाणात.

पालक पाण्याच्या बसमध्ये चढलाच नाही, कारण क्लोरोफिल पाण्यात विरघळत नाही. (पालकांनी पालकाबद्दल विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच आला, म्हणून त्याला सगळ्यांत जास्त जागा देते.) पानं वाटून पाणी घालून जो हिरवा रस निघतो तो रंगाचं द्रावण नसतोच. पानाचे बारीक तुकडे पाण्यात तरंगत असतात, ते कागदाच्या धाग्यांत अडकून बसतात. म्हणून मिक्सर बाजूला ठेवा. पालकाचं ताजं, कोरडं पान कागदावर पेन्सिलच्या रेघेवर ठेवा आणि वरून रुपयाच्या नाण्याची कड दाबून फिरवा. हिरवी रेघ उमटेल. ती वाळू द्या, पानाचा नवा भाग घेऊन त्याच रेघेवर पुन्हा फिरवा. असं आठ-दहा वेळा केलं की अरुंद, गडद रेघ मिळते.

द्रव म्हणून घरी औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल. हिरवा सरकेल आणि त्याच्या पुढे पिवळा पट्टा सुटलेला दिसेल. एवढंही नववीला पुरेसं आहे. पण चारही पट्टे बघायचे असतील तर शाळेच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखाली, नऊ भाग पेट्रोलियम ईथर आणि एक भाग अॅसिटोन घ्या. सर्वांत वर नारिंगी-पिवळं कॅरोटीन जवळजवळ द्रवाबरोबरच धावतं, त्याखाली पिवळं झँथोफिल, मग निळसर हिरवं क्लोरोफिल ए आणि तळाशी पिवळट हिरवं क्लोरोफिल बी. ए आणि बी यांत फरक अगदी थोडा, एका मिथिल गटाच्या जागी बी मध्ये अल्डिहाइड गट. तेवढ्याने बी कागदाला जास्त धरून राहतं. एखादा करडा पट्टा मध्येच दिसला तर घाबरू नका, ते फिओफायटिन. क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून गेलं की ते तयार होतं. शिजवल्यावर पालकाची भाजी शेवाळी दिसते तीही याचमुळे. तुमच्या लेकीला वेगळं काही मांडायचं असेल तर कच्च्या आणि उकडलेल्या पालकाच्या पट्ट्या शेजारी लावायला सांगा. उकडलेलं पान नाण्याने नीट उमटत नाही. ते टिपून कोरडं करा, थोड्या अल्कोहोलमध्ये खला आणि त्या अर्काचे ठिपके द्या. शेजारी शेजारी ठेवायचं तर कच्च्याचाही असाच अर्क काढा.

गंमत म्हणजे या पद्धतीचा जन्मच पानाच्या रंगातून झाला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने खडूची बारीक पूड भरलेल्या काचनळीतून पानाचा अर्क सोडून हेच पट्टे पाहिले आणि १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग, हा योगायोग मला अजून हसवतो. कागदावरचं तंत्र मात्र १९४४ सालचं, कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांचं, लोकरीच्या प्रथिनांतली अमिनो आम्लं ओळखताना सापडलेलं. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ साली नोबेल मिळालं ते त्यामागच्या, पदार्थ दोन प्रावस्थांत वाटला जातो या कल्पनेसाठी.

बॉलपेनचं फार बोलायला नको. त्याची शाई तेलकट, पाण्याशी तिचं जमत नाही. अल्कोहोलमध्ये ठेवा, निळ्याचे जांभळा आणि निळा असे भाग सुटताना दिसू शकतात. कंपनीनुसार फरक पडतो, त्यामुळे अमुकच दिसेल असं मी लिहून देणार नाही. पर्मनंट मार्करलाही अल्कोहोलच. जेलपेनच्या वाटेला जाऊ नका, किंवा मुद्दाम जा: बऱ्याच जेलपेनांत विरघळणारा रंग नसतो, न विरघळणारे बारीक कण असतात, ते कोणत्याच बसमध्ये चढत नाहीत. न हललेला तो ठिपका हासुद्धा एक निष्कर्षच आहे, प्रदर्शनात लावण्यासारखा. अल्कोहोल असो की अॅसिटोन, गॅसच्या शेगडीपासून लांब, खिडकी उघडी, आणि मोठं माणूस समोर.

आता स्केचपेन. तो जमला असं तुम्ही म्हणता, पण मला शंका आहे की त्यातला एखादा रंग थेट वरच्या कडेपर्यंत गेला असेल. साध्या पाण्यात असं हमखास होतं, काही रंग उतरतच नाहीत. मग पाण्यात मीठ घाला: शंभर मिलीलीटरला अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाण्यात दोन-तीन चिमट्या. मिठाने काही रंगांचा पाण्यातला मुक्काम अवघड होतो आणि ते कागदाला जास्त धरतात. मालेगावकडचे कोणी हे वाचत असतील तर त्यांना नवल वाटणार नाही. सुती कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ टाकतात ते याच कारणाने, रंग पाण्यातून सुतावर यावा म्हणून. सूतही सेल्युलोज, कागदही सेल्युलोज.

द्राक्षाने मात्र मोठमोठ्यांना चकवलंय, तुमच्या लेकीचं काही चुकलेलं नाही. काळ्या द्राक्षांच्या सालीत अँथोसायनिन नावाचे रंग असतात. आपल्याकडची शरद सीडलेस किंवा जम्बो घ्या. थॉमसनच्या हिरव्या द्राक्षांत ते नसतात. हे रंग आम्लात लाल, आम्ल संपलं की जांभळट, अल्कलीत निळसर-हिरवट होतात. आणि साध्या लिहायच्या-छापायच्या कागदात बऱ्याचदा खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरलेली असते. रस चढता चढता रंग बदलतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, अरे वा, निळा रंग वेगळा झाला! वेगळा काही झालेला नसतो, त्याच रंगाने कपडे बदललेले असतात. मी स्वतः कॉलेजात असताना याच ओघळाला "दोन घटक" म्हणून जर्नलमध्ये लिहिलं होतं आणि बाईंनी काही न बोलता त्या निळ्या भागावर व्हिनेगरचा थेंब टाकला. तो पुन्हा लाल झाला. ते पान मला फाडून नव्याने लिहावं लागलं.

इथे खरंच व्हॉटमन नंबर एक कागद लागतो. तो जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा असतो, खडू नाही, खळ नाही. साली सोलून थोड्या अल्कोहोलात आणि चमचाभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, रंग उतरला की त्याचे ठिपके द्या. द्रव म्हणून पाणी आणि व्हिनेगर निम्मे-निम्मे वापरून पाहा. लाल पट्टा वर सरकेल, पण रुंदच राहील, कारण त्यात एकमेकांशी फार साम्य असलेली चार-पाच भावंडं असतात. त्यांना नीट वेगळं करायचं तर ब्यूटेनॉल, अॅसिटिक आम्ल आणि पाणी ४:१:५ या प्रमाणात हलवून, स्थिरावल्यावर वरचा थर वापरतात. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेचं काम. ब्यूटेनॉलचा वास कपड्यांना दोन दिवस सोडत नाही आणि घरातली माणसं तुम्हाला.

आता हात कुठे घसरतो ते सांगते. ठिपका दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठा नको. मुलं रंग कमी दिसेल या भीतीने थेंबच टाकतात, मग रंगाला लांब शेपूट फुटतं आणि शेजारचा रंग त्यात बुडतो. टूथपिकने इवलासा ठिपका, वाळवा, त्याच जागी पुन्हा, असं चार-पाच वेळा. रेघ पेन्सिलने काढायची हे तुम्हाला माहीत असेलच. द्रवाची पातळी रेघेच्या खाली हवी, नाहीतर ठिपका वर चढायच्या ऐवजी बरणीत उतरतो. आणि कागद कडेने धरा. शिकत असताना एकदा माझ्या अमिनो आम्लांच्या कागदावर निनहायड्रिन (अमिनो आम्लांना जांभळा रंग आणणारं रसायन) फवारून तापवलं, तर ठिपक्यांच्या मधोमध माझाच अंगठा जांभळा होऊन उमटला. घामातही अमिनो आम्लं असतात. रंगीत शाईच्या प्रयोगात हे दिसत नाही, पण तेलकट बोटाखालून द्रव वाकडा चढतो.

आरएफ दर वेळी वेगळा का येतो, याचं उत्तर मात्र "अवलंबून आहे" असंच आहे, आणि ते कशावर हे महत्त्वाचं. आधी मोजणी तपासा. मोजायचं पेन्सिलच्या रेघेपासून, कागदाच्या खालच्या कडेपासून नव्हे. द्रव रेघेपासून ८ सेंटीमीटर चढला आणि पिवळ्याचा मध्य ४.४ वर असला तर आरएफ ०.५५. द्रव कुठवर पोचला ती ओली कड मात्र कागद बाहेर काढताक्षणी पेन्सिलने आखा. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावर पूर ओसरल्यावर वाद होतात ना, कमरेपर्यंत की छातीपर्यंत, तसंच इथे होतं. दोन मिनिटांत कागद वाळतो आणि मग जो तो आपापल्या अंदाजाने कड सांगतो.

मोजणी बरोबर असूनही आकडा हलत असेल तर बरणी उघडी असणार. उघड्या बरणीत कागदावरून द्रव उडत राहतो, नवा द्रव ओढला जातो, रंग जास्त पुढे जातो. झाकण हवं. आत बाजूला त्याच द्रवात भिजवलेला टिश्यू उभा करा आणि पट्टी सोडण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं बरणी तशीच राहू द्या, म्हणजे आतली हवा वाफेने भरते. एवढं करूनही नाशिकच्या मे महिन्यातला आकडा आणि जुलैतला आकडा जुळणार नाही. कागदाने धरलेली ओल हवेप्रमाणे बदलते, आणि आपली स्थिर प्रावस्था तीच तर आहे. कागदाचे धागे कोणत्या दिशेला आहेत यावरही वेग ठरतो, तेव्हा सगळ्या पट्ट्या एकाच दिशेत कापा. म्हणूनच पुस्तकातल्या आरएफशी आपला आकडा जुळवत बसणं मला पटत नाही. आम्ही कंपनीतही नमुन्याशेजारी, त्याच प्लेटवर, ओळखीचा शुद्ध पदार्थ लावत असू. शेजारी शेजारी, एकाच वेळी चढलेल्या दोन ठिपक्यांची तुलना करा. ती पावसाळ्यातही खरी राहते.

थोडक्यात, प्रदर्शनासाठी माझी मांडणी अशी असेल: स्केचपेन मिठाच्या पाण्यात, बॉलपेन अल्कोहोलमध्ये, पालक नाण्याने उमटवून अल्कोहोलमध्ये, द्राक्ष व्हिनेगरमध्ये. आणि या प्रत्येकाशेजारी तुमच्या लेकीची आधीची, साध्या पाण्यातली फसलेली पट्टी. त्या फसलेल्या पट्ट्या टाकल्या नसतील अशी आशा आहे. कागद द्राक्षासाठी व्हॉटमन, बाकीच्यांना जाडसर टीपकागद चालेल. वहीचा कागद नको, त्यावर शाई पसरू नये म्हणून खळ लावलेली असते, आणि आपल्याला तर शाई पसरायलाच हवी आहे.

राहिली जिलबी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. टार्ट्राझिन, सनसेट यलो हे त्यातलेच पिवळे-केशरी. मर्यादेत वापरले तर ते कायदेशीर आहेत. म्हणजे जिलबीतून पिवळा डाग निघाला, तर त्यात रंग आहे एवढंच कळलं. भेसळ कळली नाही. मेटॅनिल यलोला मनाई आहे, पण कागदावर तोही पिवळाच दिसतो. शेजारी खात्रीचे नमुने लावल्याशिवाय कोण कोणता हे सांगता येत नाही. लावूनही एका द्रवात जुळलेला डाग दुसऱ्या द्रवात वेगळा पडू शकतो. माझ्या हाताखालून अशी एक गोष्ट गेली आहे: एक डाग, एक आरएफ, सगळे खूश, आणि द्रव बदलला तर त्याचे दोन झाले. एक डाग म्हणजे एक पदार्थ, हे कधीच गृहीत धरू नका.

तरी जिलबीचा रंग काढायचाच असेल तर एक जुनी युक्ती आहे. जिलबी तशीच कागदावर लावली तर तूप आणि पाक सगळा खेळ बिघडवतात. जिलबी कोमट पाण्यात विरघळवून गार करा, वर गोठलेलं तूप काढा, गाळून व्हिनेगर घाला आणि त्यात पांढऱ्या खऱ्या लोकरीचा, आधी साबणाने धुतलेला, धागा घालून थोडा वेळ गरम करा. रंग लोकरीवर चढतो, साखर पाण्यात राहते. धागा धुऊन, सौम्य अमोनियात गरम केला की रंग पुन्हा सुटतो. हे शेवटचं पाऊल सरांच्या उपस्थितीत, प्रयोगशाळेतच. तो रंग आटवून ठिपका द्या आणि शेजारी दुकानात मिळणाऱ्या खाण्याच्या पिवळ्या आणि केशरी रंगांचे ठिपके लावा.

तक्त्यावर "जिलबीतील रंग वेगळा करणे" एवढंच लिहा. "भेसळ पकडली" असं लिहू नका, दुकानाचं नाव तर अजिबात नको. खरंच संशय असेल तर नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायचा असतो, तिथे यंत्रावर तपासणी होते आणि निकालाची जबाबदारी कोणीतरी घेतं.

एक शेवटचं, कामाचं. पट्ट्या आजच चांगल्या प्रकाशात फोटो काढून ठेवा आणि मग वहीत, अंधारात. शाईच्या बऱ्यापैकी टिकतील. पालकाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्या उजेडात लवकर फिकट होतात, त्या प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी नव्याने करा.